तेराजणांना काय म्हणायचं? गट, कंपू, टोळकं की आणखी काही?

टिपणवही
मंडळी, एका शब्दावरून आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेचा पाऊण तास वाया गेला आणि तो शब्द मी लिहिला होता.

सभासद ६४. त्यातल्या काहींना लिफ्टच्या कंत्राटावर चर्चा हवी होती. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. ६४चा पाचवा हिस्सा १२.८, म्हणून त्यांनी दारोदार फिरून बरोबर १३ सह्या जमवल्या. सभा झाली, इतिवृत्त लिहायचं माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'सभासदांच्या एका गटाने मागणी केल्यावरून...'

पुढच्या सभेत हे वाचून दाखवलं, तर तेरातल्या एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. "गट? आम्ही कुणापासून फुटलोय का?" अध्यक्षांना उलट गट हा शब्द फार मऊ वाटत होता, त्यांची सूचना 'कंपू'. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी 'टोळकं' म्हणालं, ते नेमकं माइकने पकडलं. मग काय, लिफ्ट राहिली बाजूला.

घरी येऊन शब्द शोधत बसलो. मोठ्या समूहातच राहायचंय, फुटून जायचं नाही, फक्त एका कामापुरतं एकत्र यायचंय, अशा थोड्या लोकांना मराठीत काय म्हणतात? कोंडाळं, टोळी, चौकडी, तट, फळी, आघाडी, दिंडी, फड... शब्दांना तोटा नाही, पण इतिवृत्तात घालण्याजोगा एकही सापडेना. सुचवा.

अडकित्ता
सापडणार नाही, कारण तसा शब्द नसतोच. आपण चारजण जमलो तर 'समविचारी', ते चारजण जमले तर 'कंपू'. मोजणाऱ्याचे पाय कुठल्या बाजूला आहेत त्यावर शब्द ठरतो. तुमच्या अध्यक्षांना कंपू दिसला, बाईंना सभासद दिसले. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

मोडीवाचक
कंपूची बदनामी मला सोसत नाही, कारण हा शब्द मुळात फार शिस्तीचा होता. कंपू म्हणजे कॅम्पचं भावंड, छावणी. महादजी शिंद्यांनी सॅव्हॉयच्या द बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून कवायती पायदळाच्या पलटणी उभ्या करवल्या, त्यांना कंपू म्हणत. एका तालावर पाऊल टाकणारे, हुकमाबरोबर बंदुका झाडणारे लोक. ग्वाल्हेरात आजही कंपू नावाचा भाग आहे.

म्हणजे मोठ्या फौजेच्या आतली, स्वतःची वेगळी शिस्त असलेली तुकडी. तुम्ही विचारताय ती वस्तू हीच की! पुढे शिस्त गेली आणि 'आपल्यातच राहून आपल्यापासून वेगळे वागणारे' एवढाच अर्थ शिल्लक राहिला.

निशिगंध
वा! मग अध्यक्षांनी नकळत सन्मानच केला म्हणायचा.

मोडीवाचक
त्यांना सांगू नका, शब्द मागे घेतील.

आणखी एक पाहा. आपले गटांचे अर्धेअधिक शब्द रणांगणावरून किंवा छावणीतून आलेत. आघाडी म्हणजे सैन्याचं पुढचं अंग. घोड्याच्या पुढच्या पायांना बांधायच्या दोरीला अगाडी आणि मागच्या पायांच्या दोरीला पिछाडी म्हणत. (आताच्या राजकीय आघाड्यांत कोणाचे पाय कोणाला बांधलेत, हा विषय इथे नको.) फळी म्हणजे लढणाऱ्यांची रांग. सवता सुभा म्हणजे अक्षरशः वेगळा प्रांत. आपल्याला चारजण एकत्र दिसले की आधी लढाईच आठवते.

पानसुपारी
फळी मात्र सुटली त्यातून. 'दुसऱ्या फळीचे नेते', क्रिकेटमधली 'मधली फळी', दोन्हीत शिवी नाही. मधली फळी कोसळली तरी तिच्यावर कटाचा आरोप कुणी करत नाही.

टिपणवही
फळीचा विचार केला होता. पण फळीला क्रम लागतो, पहिली, मधली, दुसरी. 'सभासदांच्या एका फळीने मागणी केली' वाचून फर्निचरची दुरुस्ती चाललीय असं वाटतं.

सुमनमावशी
तुम्ही सगळे पुरुषमाणसं फौजा आणि सुभेच शोधत बसलात. आमच्या मोठ्या एकत्र कुटुंबात आम्ही पाच जावा. त्यातल्या आम्ही तिघी एका बाजूला असायचो हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं, पण आम्हा तिघींना म्हणून काही नाव नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "यांचं गूळपीठ जमलंय." नाहीतर, "मेतकूट आहे तिघींचं." आत्तेसासूबाई होत्या जरा तिखट, त्या 'साटंलोटं' म्हणायच्या.

एकदा सासूबाईंनी मलाच विचारलं, "तू कुणात गं?" काय सांगणार? मी म्हटलं, "मी स्वयंपाकात." बाकीच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्या हसण्यानेच आम्ही पकडल्या गेलो.

तर मला वाटतं, बाळ टिपणवही, मराठी माणूस माणसांच्या जुटीला नाव देत नाही, त्यांच्यात जे शिजतंय त्याला देतो.

अडकित्ता
मावशी, हे पटलं. गूळपीठ, मेतकूट, साटंलोटं, संगनमत, हातमिळवणी, खलबत... यातला एकही शब्द माणसांचा नाही, सगळे त्यांच्यातल्या व्यवहाराचे आहेत. आणि गंमत म्हणजे खाण्याचे शब्द प्रेमळ, बाकीचे सगळे संशयी.

अशिलाविना
संगनमत निघालंच म्हणून वकिली तोंड घालतो. फिर्यादीत 'आपसात संगनमत करून' हे शब्द मिठासारखे पडतात. कायद्यापुढे गटाचा अर्थ बराचसा डोकी मोजून ठरतो. पाच किंवा जास्त जण आणि उद्देश बेकायदा, की झाला बेकायदेशीर जमाव. चौघांनी मिळून लुटलं तर जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा. जुन्या दंडसंहितेत हाच आकडा होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तोच आहे. पाचवा माणूस नुसता येऊन उभा राहिला नाही, सामील झाला हे दाखवावं लागतं, त्यावर आमची पोटं चालतात.

पक्षांतराचंही तेच. १९८५ साली राज्यघटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली तेव्हा विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती 'फूट' मानायचे आणि त्यांची सदस्यत्वं वाचायची. २००३च्या घटनादुरुस्तीने ती सोय काढून टाकली. आता विलीनीकरणाची वाट आहे आणि तिला दोन तृतीयांश लागतात. माणसं तीच, कृत्य तेच. एका आकड्याच्या खाली पक्षद्रोह, वर गेलात तर विलीनीकरण.

तुमचे तेराजण कायद्याच्या भाषेत 'मागणी करणारे सभासद' आहेत. रुक्ष आहे, पण वाद संपतो.

टिपणवही
वकीलसाहेब, याची नोंद घेतली. पण मला अजून शब्द हवाय. रुक्ष ही शेवटची पायरी ठेवू.

व्रात्य_कार्टं
डोकी मोजायचीच तर साडेतीन शहाणे कसे विसरलात? झकास गट!

मोडीवाचक
कार्ट्या, साडेतीन शहाणे हा गट नव्हताच. सखारामबापू बोकील पुण्याच्या दरबारात, देवाजीपंत चोरघडे नागपूरकर भोसल्यांकडे, विठ्ठल सुंदर निजामाचा दिवाण. १७६३च्या राक्षसभुवनच्या लढाईत विठ्ठल सुंदर मारला गेला तो पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढताना. अर्धे शहाणे नाना फडणीस. एकमेकांवर डाव टाकणाऱ्यांची ती यादी आहे. लोकांनी एका दोरीत ओवले म्हणून ते एकत्र वागले असं होत नाही.

बारभाई मात्र गट, आणि अस्सल. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणरावांचा खून झाला आणि रघुनाथराव पेशवे झाले. त्यांच्याच कारभारातले, त्यांच्याच फौजेतले लोक, सखारामबापू, नाना, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे वगैरे, आतून एक झाले. राज्य सोडून कुणी गेलं नाही, राज्य हातात घेतलं. एप्रिल १७७४मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. नेमके बारा मोजायला गेलात तर याद्या जुळत नाहीत. 'बारा' इथे 'पुष्कळ' या अर्थाने घ्यावा.

आणि भाषेने त्यांना काय दिलं? 'बारभाईचा कारभार' म्हणजे सावळागोंधळ! ज्यांनी एवढं मोठं कारस्थान तडीला नेलं त्यांचं नाव गोंधळाला.

अडकित्ता
अन्याय वगैरे काही नाही. पुढचं सांगा ना. त्यांच्यातलेच मोरोबादादा फुटले, सखारामबापू पुन्हा रघुनाथरावांशी सूत जुळवू लागले आणि १७७९मध्ये नानांनी त्यांना कैदेत टाकलं. गटाच्या पोटात गट. म्हणीला जे कळलं ते बखरीला कळायला वेळ लागला.

मोडीवाचक
मान्य. हात टेकले.

निशिगंध
मी संस्कृत-पालीकडची. आपल्या पूर्वजांकडे हे शब्द जास्त बारकाईने होते असं मला वाटतं. पाणिनीकडे संघांचे प्रकार येतात, पूग आणि व्रात. काशिकावृत्तीत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, दोन्हींचा खुलासा आहे. दोन्हींत नाना जातींचे, ठरावीक धंदा नसलेले लोक; पूग अर्थ-काम यांच्यामागे असलेले, आणि व्रात अंगमेहनतीवर किंवा दांडगाईवर जगणारे, 'उत्सेधजीवी'. म्हणजे कशासाठी एकत्र आलात यावर नाव. बाजू कुठली, हा प्रश्नच नाही.

व्रात्य हा शब्द बरेच जण या व्रातापासूनच लावतात. (कार्ट्या, तुझी वंशावळ सापडली.)

पण खरा खजिना विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. भिक्षुसंघाच्या आत सहाजणांची एक टोळी सारखी भेटते, छब्बग्गिय, षड्वर्गीय भिक्खू. संघ सोडत नाहीत, पण प्रत्येक नियमाला पळवाट शोधतात. पादत्राणांपासून केस विंचरण्यापर्यंत काहीतरी उचापत करायची, लोकांनी तक्रार करायची, बुद्धाने त्यावर नवा नियम घालायचा. विनयाचे कितीतरी नियम या सहाजणांच्या कृपेने झालेत.

आणि टिपणवही, तुमच्या १२.८ला तिथे जवाब आहे. संघभेद कशाला म्हणायचं? एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार आणि नववा जो मतभेद जाहीर करून शलाका (मत द्यायची काडी) घ्यायला सांगतो. नऊ असतील तरच संघभेद. त्याहून कमी असतील तर ती 'संघराजी', नुसती भेग. देवदत्ताने वैशालीच्या पाचशे नव्या भिक्खूंना नेलं तो संघभेद; मग बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्त-मोग्गल्लान जाऊन त्यांना परत घेऊन आले.

पानसुपारी
संघराजी! भेग पडलीय पण भिंत उभी आहे. काय शब्द आहे. आपल्याकडे थेट 'दुफळी', म्हणजे एकदम दोन तुकडे.

टिपणवही
निशिगंध, अध्यक्षांना 'संघराजी झाली' म्हटलं तर ते प्लंबर बोलावतील. पण मोठ्या समूहातला कमी-जास्त फरक मोजणारा शब्द आपल्याकडे नाही हे खरं. तट पडले की थेट दोन.

निशिगंध
तट तर मजेदारच आहे. तट म्हणजे काठ. गावात तट पडले म्हणजे दोन काठ झाले. आणि तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. मग दोन काठ असताना काठावरचा माणूस तटस्थ कसा? तो कुठल्या ना कुठल्या काठावर असणारच.

अडकित्ता
मी पहिल्या प्रतिसादात नेमकं हेच म्हणालो होतो.

रविवारचा_माणूस
उशिरा आलो. राजकीय इतिहासात पक्षाच्या आत राहणाऱ्यांना नावं द्यायची मराठीची हातोटी चांगली होती. जहाल आणि मवाळ. दोन्ही विशेषणं, दोन्ही स्वभावाची, आणि दोघंही काँग्रेसचेच. १९०७ला सुरतेत जोडे उडाले, १९१६ला लखनौत पुन्हा एक. नंतर कायदेमंडळात जायचं की नाही यावरून फेरवाले (जाऊ म्हणणारे) आणि नाफेरवाले (नको म्हणणारे). फेरवाल्यांचा १९२३मध्ये स्वराज्य पक्ष झाला, तो काँग्रेसमध्ये राहूनच. मग त्यातूनही केळकर, जयकर, मुंजे प्रतिसहकाराची, म्हणजे सरकार सहकार्य करेल तेवढंच आपणही करायचं, अशी भाषा करत बाजूला झाले. काय हवंय, एवढंच या नावांत सांगितलेलं असायचं.

आता बातम्यांत 'अमुक गट', 'तमुक गट'. माणसाचं नाव घ्यायचं आणि पुढे गट जोडायचा. हवंय काय ते कळत नाही. त्यामुळे त्या शिक्षिकाबाईंना गट खटकला यात नवल नाही. हल्ली गट म्हणजे फुटलेलाच असं कानाला बसलंय. बचत गटाने काय ते नाव राखलंय.

आणखी एक अगदी तुमच्या गरजेचं. काँग्रेस समाजवादी पक्ष, स्थापना १९३४. दोन्हीकडे सभासद, एका पक्षाच्या पोटात दुसरा पक्ष, उघडपणे, स्वतःच्या घटनेसह. चौदा वर्षं चाललं. पक्षात पक्ष चालणार नाही असं काँग्रेसने ठरवल्यावर १९४८मध्ये नाशिकच्या अधिवेशनात ते बाहेर पडले. त्यांना त्या चौदा वर्षांत कंपू म्हणणारे होते, आघाडी म्हणणारेही. त्यांनी स्वतःला सरळ पक्ष म्हटलं.

सुमनमावशी
तुमच्या यादीत फड आणि दिंडी होतं, त्यावर कुणी बोललंच नाही. मी तीन वेळा पालखीबरोबर चालले आहे. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी. प्रत्येकीचा क्रम ठरलेला, वीणेकरी वेगळा, तंबू वेगळा, स्वयंपाक वेगळा. पण वेगळ्या झाल्या असं कुणी म्हणत नाही.

संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ चाललेले असतात. मग चोपदार चोप वर करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. इतकं शांत की अंगावर काटा येतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, क्रमाबद्दल, जागेबद्दल, कसलीही, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तिचे तेवढे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग टाळ थांबतात आणि आरती सुरू होते.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या माळकरी बाईंना विचारलं, "भांडण आहे का हो?" त्या म्हणाल्या, "भांडण न्हाई माय, गाऱ्हाणं हाय."

तुमच्या तेराजणांनी हेच केलं ना? बाकीचे शांत होते, यांनी टाळ चालू ठेवले.

पानसुपारी
मावशी, वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

मोडीवाचक
'गाऱ्हाणेकरी'! जुन्या वळणाचा वाटतो, पण बसतो.

अडकित्ता
बसत नाही. गाऱ्हाणेकरी एकटाही असू शकतो. आणि आपलं मागणीपत्र हे गाऱ्हाणं आहे असं समितीने लिहावं, हे त्या तेराजणांना तरी चालेल का? दिंडीचं उदाहरण सुंदर आहे, पण तिथे नाव आधीपासून आहे आणि तक्रार नंतर येते. इथे तक्रार आधी आहे आणि नाव शोधतोय. तक्रार मिटली की ही माणसं पुन्हा जिन्यात भेटल्यावर 'काय, बरं आहे ना' एवढंच बोलणारी. अशांना कायमचं नाव द्यायचंच कशाला?

निशिगंध
हा मुद्दा मात्र जबरदस्त आहे. संज्ञा दिली की गट होतो. रशियातले बोल्शेविक म्हणजे नुसतं 'बहुमतवाले', १९०३च्या एका अधिवेशनातल्या एका मतदानापुरते. नाव चिकटलं ते चिकटलंच.

अशिलाविना
म्हणजे फिरून मी म्हणालो तिथेच आलात. फी पाठवतो.

टिपणवही
सर्वांचे आभार. कालच्या सभेचा वृत्तांत सांगतो.

सुधारित इतिवृत्तात लिहिलं, 'मागणीपत्रावर सह्या करणाऱ्या १३ सभासदांच्या विनंतीवरून'. शिक्षिकाबाईंनी मान डोलावली. अध्यक्ष जरा हिरमुसले, पण 'मंजूर' म्हणाले. मी पान उलटणार, तोच दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले, तेराव्या सहीचे मालक. "सही माझी आहे, पण मी यांच्यातला नाही. दारात आले, चहा टाकलेला होता, नाही कसं म्हणायचं? माझं नाव वगळा."

अशिलाविना
वगळता येणार नाही. सभा होऊन गेली, आता सही मागे घेऊन काय उपयोग? इतिवृत्तात त्यांचं निवेदन फार तर वेगळं नोंदवा. आणि ते गेले तर उरतात १२, तुम्हाला लागत होते १२.८.

व्रात्य_कार्टं
बारा उरले? अहो मग शब्द सापडला की!

मोडीवाचक
कार्ट्या, गप्प बस.

व्रात्य_कार्टं
बारभाई!!!